एप्रिल लागला की घरचे बटाटे सडतात : चार हंगामांच्या नासाडीनंतर सापडलेली कारणं

तक्रार थोडक्यात अशी. जानेवारी-फेब्रुवारीत काढलेला घरचा बटाटा गुढीपाडव्यापर्यंत टणक असतो, रामनवमीच्या आसपास खोलीत वास सुटतो आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत अर्धा माल उकिरड्यावर जातो. आमच्याकडं हे सलग चार वर्षं झालं. दक्षिण सोलापूर तालुक्यात घरचं रान आहे, त्यातल्या दोन गुंठ्यांत घरापुरता बटाटा लावतो. पस्तीस किलो बेणं, बरं पिकलं तर अडीचशे किलो माल. त्यातला खाऊन किती संपला आणि फेकला किती, हे पहिली दोन वर्षं मी मोजलंच नाही, कारण मोजायची लाज वाटत होती.

सल्ले भरपूर मिळाले. पण बटाटा साठवायचे बहुतेक सल्ले थंडीच्या मुलखातले असतात. तिथं बटाटा थंडीच्या आधी निघतो आणि पुढचे चार महिने हवाच त्याला गार ठेवते. आपल्याकडं गणित उलटं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला बटाटा थंडीभर जमिनीत असतो आणि थंडी संपता संपता बाहेर येतो. म्हणजे आपल्याला बटाटा हिवाळ्यातून नाही, सोलापूरच्या उन्हाळ्यातून पार न्यायचा असतो. हे डोक्यात नीट बसायला मला दोन हंगाम लागले. 'अंधारी, कोरडी जागा' एवढ्या भांडवलावर मी पत्र्याच्या खोलीत पोती रचत होतो.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या खराब बटाट्यांना मी 'सडले' म्हणत होतो. सडणं हा एक प्रकार नाही. पाच वेगळ्या गोष्टी आहेत, पाचांची कारणं वेगळी आणि त्यातल्या तीन तर साठवायच्या आधीच, रानातच घडलेल्या असतात. त्यामुळं खोली बदलून, पोती बदलून काही होत नाही.

आधी बटाटा कापून बघा

खराब माल फेकायच्या आधी त्यातले दहा-बारा बटाटे उभे कापा, हुंगा, दाबा. हे काम किळसवाणं आहे, पण निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

बटाटा लिबलिबीत झालाय, हाताला पाणी लागतंय, मेलेल्या उंदरासारखा वास येतोय, तर ती ओली कूज. जिवाणूंचं काम. जखम आणि ओल या दोन दारांनी ते आत शिरतात. बटाट्यावर पाण्याचा पातळ थर बसला तरी त्याचा श्वास कोंडतो आणि जिवाणूंचं फावतं. हा बटाटा खालच्यांवर गळतो, म्हणून पोत्यात एक नासला की खालचे पाच जातात.

आत भुरकट, कोरडी पोकळी आणि वरून सुरकुत्यांची वर्तुळं पडलेला खड्डा असेल तर कोरडी कूज. ही बुरशी जवळजवळ नेहमी कुदळीच्या किंवा खुरप्याच्या घावातून शिरते. वर घाव शोधा, सापडेल.

कापल्यावर सालीच्या थोडं आत तपकिरी कडं दिसलं आणि दाबल्यावर त्यातून दुधाळ थेंब आला, तर तो रोप मर करणारा जिवाणू. तो बेण्यातून किंवा जमिनीतून येतो. असा माल साठवू नका, त्याचं बेणं करू नका आणि त्या तुकड्यात तीन-चार वर्षं वांगं, टोमॅटो, मिरचीही नको. याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही, तो माल गेलाच.

बाहेरून बटाटा ठणठणीत, वजनही ठीक, पण कापला की बरोबर मधोमध काळानिळा डाग, वास अजिबात नाही, तर तो रोग नव्हे. बटाटा आतून गुदमरलाय. पुढं सांगतो, कारण ही चूक मी स्वतः पैसे खर्च करून केली.

आणि डोळ्यांभोवती, सालीवरच्या बारीक ठिपक्यांभोवती काळे डाग, आत राखाडी ते कोळशासारखा काळा पडलेला गर, तर ती कोळशी कूज. माझा सगळ्यात जास्त माल हिनं खाल्ला.

या पाचांखेरीज, डोळ्यापाशी काळी विष्ठा आणि जाळीचा धागा दिसला तर ती अळी. कूज तिच्यामागून येते.

खडखड्याचा भाऊ

आपल्या भागात मालदांडी ज्वारी करणाऱ्या माणसाला खडखड्या सांगावा लागत नाही. कणीस भरायच्या वेळी पाण्याचा ताण पडला, जमीन तापली की ज्वारीचं ताट खालून पोकळ होतं, वारं आलं की लोळतं, चिरलं तर आत काळी भुकटी. ती बुरशी आणि बटाट्याच्या कोळशी कुजेची बुरशी एकच. हरभऱ्याची कोरडी मूळकूजही तिचीच. ज्वारी, हरभरा, सूर्यफूल, सोयाबीन, सगळ्यांवर ती जगते आणि मोहरीहून कितीतरी बारीक काळ्या कणांच्या रूपात वर्षानुवर्षं मातीत पडून राहते. म्हणजे सोलापूर जिल्ह्यात ती आपल्या रानात आहे का, हा प्रश्नच चुकीचा आहे. ती आहे. प्रश्न एवढाच की तिला जाग कधी येते.

जमीन साधारण 28 अंशांच्या वर तापू लागली की तिचं काम सुरू होतं. मी दिवाळीनंतर, वाफसा यायची म्हणजे जमीन लागणीजोगी सुकायची वाट बघत, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लागण करायचो. नव्वद दिवस धरले की काढणी फेब्रुवारीच्या अखेरीस. त्यात चुलते म्हणायचे, "राहू दे की रं आणखी पंधरा दिवस, जमिनीत काय खातंय व्हय त्येला?" त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. पंजाबात, उत्तर प्रदेशात थंड जमिनीत बटाटा आणखी राहिला तर साल पक्की होते. आपल्याकडं फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी तीन वाजता मी वरंब्यात चार इंच खोल थर्मामीटर खुपसला, तर पारा तिशीच्या वर. पाला वाळलेला, सावली गेलेली, पाणी तोडलेलं आणि काळी माती तव्यासारखी. बटाटा दिसायला चांगलाच निघायचा, पण बुरशी त्याच्या डोळ्यांतून शिरकाव करून बसलेली असायची. खोलीत दीड महिन्यानं काळं दिसलं की मी खोलीला दोष द्यायचो.

यावर औषध शोधत बसू नका. तारीख बदला. मी आता लागण ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकतो. त्याहून आधी गेलं तर ऑक्टोबरच्या उन्हात कापलेलं बेणं जमिनीतच कुजतं, तोही अनुभव घेऊन झाला. तेव्हापासून बेणं कापत नाही, अंड्याएवढं अख्खंच लावतो. जात लवकर येणारी घेतो. 'कुफरी पुखराज' लवकर भरतो, पण त्यात पाणी जास्त, म्हणून वेफर्स मऊ पडतात आणि माझ्याकडं तो 'कुफरी ज्योती'च्या आधी सुरकुतला. 'कुफरी लवकर' ही जात तर नावासारखीच आहे आणि दख्खनच्या पठारासाठीच सांगितली जाते, पण तिचं बेणं दरवर्षी मिळेलच असं नाही. जात कुठलीही असो, संक्रांतीची सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची जत्रा आटोपली की मी पाला कापायच्या तयारीला लागतो आणि रथसप्तमीच्या आसपास माल घरात असतो. चार-दोन किलो कमी पिकतं. पिकू दे कमी.

पाणी तोडावं की नाही

इथं खरी ओढाताण आहे आणि कुठल्याच पत्रकात ती नीट लिहिलेली मला आढळली नाही. साल पक्की व्हायला काढणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडायला सांगतात. बरोबर आहे. ओल्या रानातून काढलेल्या बटाट्याची साल अंगठ्यानं चोळली तरी निघते आणि त्या निघालेल्या सालीतून ओली कूज शिरते. पण आपली काळी माती पाणी तोडलं की भेगाळते. त्या भेगांतून दोन गोष्टी होतात. ऊन आत जातं, बटाटा हिरवा पडतो. आणि पाकोळी आत जाते.

ही पाकोळी म्हणजे बटाट्याचा पतंग. 1906 च्या सुमारास इटलीतून आलेल्या बेण्याबरोबर हा किडा आपल्या देशात शिरला आणि महाराष्ट्राची गरम, कोरडी हवा त्याला फार मानवली. करड्या रंगाचा, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा, दिव्याभोवती फिरताना दिसला तरी लक्ष जाणार नाही असा. मादी बटाट्याच्या डोळ्यात अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी निघते आणि सरळ आत बोगदा काढते. उन्हाळ्यात अंड्यापासून पतंगापर्यंतची फेरी तीन-चार आठवड्यांत पुरी होते. म्हणजे फेब्रुवारीत रानातून दहा किडके बटाटे घरात आले, तर मार्चमध्ये पहिली पिढी, एप्रिलमध्ये दुसरी आणि मग सगळी खोली. पाडव्याला टणक आणि रामनवमीला वास, या कोड्याचा अर्धा उलगडा या हिशोबात आहे.

माझा तोडगा असा. एकतर बटाट्याला रानातला सगळ्यात हलका, मुरमाड अंगाचा तुकडा दिला. काळ्या कसदार मातीचा मोह सोडला. भर एकदा नाही, दोनदा लावतो, बटाट्यावर वीतभर माती राहील अशी. पाणी तोडल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी वरंब्यावरून खुरपं हलक्या हातानं फिरवून भेगा बुजवतो. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि सगळ्या पोस्टमधलं एकच काम निवडायचं झालं तर मी हेच निवडेन. पाला पाणी तोडतानाच जमिनीलगत कापून रानाबाहेर टाकतो. काढलेल्या ढिगावर तोच पाला झाकायची जुनी सवय आमच्या घरात होती. म्हणजे अळीला पाल्यातून बटाट्यात उतरायला आपण जिना लावून द्यायचो.

काढणी सकाळी, ऊन चढायच्या आत. रात्रभर माल रानात उघडा ठेवायचा नाही, कारण पाकोळी अंधार पडताच उडते. काढतानाच तीन घमेली : चांगला, घाव लागलेला, हिरवा किंवा किडका. घाव लागलेला पंधरा दिवसांत खाऊन टाका. हिरवा शिजवूनही खाऊ नका. हिरवा रंग निरुपद्रवी असतो, पण त्याच्याबरोबर कडू विषारी द्रव्य वाढतं आणि ते उकळून-तळून जात नाही. थोडासा हिरवा असेल तर तेवढा भाग जाड कापून टाकता येतो, सगळाच असेल तर खड्ड्यात पुरा.

बटाटे धुवायचे नाहीत. चिकट काळी माती बघून आईचा हात शिवशिवतो, "जरा खळबळून घेऊ की" म्हणते. माती वाळली की हातानं झडते, तेवढी पुरे.

बारा दिवस त्याला एकटं सोडा

काढलेल्या बटाट्याला स्वतःच्या जखमा भरून काढता येतात. सालीच्या ओरखड्याखाली तो नवी, बुचासारखी साल तयार करतो. त्याला पंधरा ते वीस अंशांची हवा, दमटपणा आणि दहा-बारा दिवस लागतात. ऊन नको. आमच्याकडं 'सुकवायला' म्हणून दोन दिवस अंगणात उन्हात पसरायची पद्धत होती. कांद्याला ती चालते, बटाट्याला नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री अजून गारवा असतो, म्हणून हे जमतं. खोलीत फूटभर जाडीचा थर, त्यापेक्षा उंच नाही, वर कोरडं बारदान. दिवसा खिडक्या बंद, रात्री उघड्या. हवा फारच कोरडी असेल तर जमिनीवर बाजूनं पाणी शिंपडतो, बटाट्यावर थेंबही नाही. हेच काम फेब्रुवारीच्या शेवटी करायला गेलात तर खोली तिशीत असते, आणि त्या उबेत जखम भरायच्या आधी जिवाणू पोचतात. तारीख किती ठिकाणी आडवी येते बघा.

तेरा दिवसांनी निवड. अंगठ्यानं साल चोळायची, जिची निघते तो बटाटा खायच्या टोपलीत. डोळ्यांपाशी भिंग लावून बघायला मी शिकलो. हसू आलं तरी चालेल, घरातल्यांनाही आलं होतं.

जागा : मी कुठं कुठं ठेवून बघितलं

पहिलं वर्ष पत्र्याची खोली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी तिथं 43 अंश होते. बाहेर सावलीत 41. म्हणजे बटाटा सावलीपेक्षा गरम जागी होता आणि वर पोत्यावर पोती. बटाटा जिवंत असतो, श्वास घेतो, उष्णता टाकतो. पस्तिशीच्या वर त्याचा श्वास एवढा वाढतो की आतल्या भागाला प्राणवायू पुरत नाही आणि गाभा काळा पडतो. तोच मधला काळानिळा डाग.

दुसऱ्या वर्षी चुलत्यांच्या सांगण्यावरून पेव. आमच्या जुन्या वाड्यात ज्वारीचं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा होता, वापरात नसलेला. जमिनीखाली गार असतं, तोंड बंद केलं की अंधार, सगळं बरोबर वाटत होतं. साफसफाईला आणि तोंड बांधायला पैसे घातले आणि ऐंशी किलो आत टाकले. ज्वारी पेवात टिकते त्याचं कारणच हे की आत हवा संपते आणि किडे मरतात. कोरड्या दाण्याला हवा लागत नाही. बटाट्याला लागते. महिन्यानं तोंड उघडलं तेव्हा ऐंशीतले साठ आतून काळे होते आणि उरलेले ओले. आणि एक गोष्ट पोटतिडकीनं सांगतो : असं बंद पेव उघडून लगेच आत उतरू नका. प्राणवायू नसतो, माणूस आत पडतो आणि त्याला काढायला उतरलेलाही पडतो. आम्ही घमेलं दोरीनं सोडून माल काढला.

तिसऱ्या वर्षी शेजाऱ्याची कांदा चाळ. सोलापूरच्या माणसाला साठवण म्हटलं की चाळच आठवते, यात नवल नाही. पण कांद्याला कोरडी वाहती हवा लागते आणि बटाट्याला दमट. चाळीत खालून-बाजूनं वारं खेळतं, त्यात बटाटा तीन आठवड्यांत सुरकुतला, आणि फटींतून येणाऱ्या उजेडानं हिरवा पडला तो वेगळाच. घरातही कांदा आणि बटाटा एका टोपलीत ठेवू नका. बटाट्याच्या ओलीनं कांदा मोड धरतो आणि नासतो.

मग उरलं माळवद. आमच्या जुन्या घराचा एक खण अजून मातीच्या छताचा आहे, भिंती दीड हात जाड. ज्यांनी सिमेंटचा स्लॅब टाकून माळवद पाडलं त्यांना मी काही म्हणत नाही, पावसाळ्यात गळतं तेव्हा मीही शिव्या देतो. पण त्याच एप्रिलात, त्याच दुपारी तीनला, स्लॅबखाली 37 आणि माळवदात 32 होते, आणि रात्री दार-झरोका उघडा ठेवला की पहाटे 25. बटाट्याच्या दृष्टीनं हा जमीन-अस्मानाचा फरक. पोती बंद केली, टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट आणले, विटांवर ठेवले, भिंतीपासून वीतभर लांब. क्रेटच्या तळाला आणि वर घाणेरीचा वाळलेला पाला, दोन बोटं जाडीचा. पाकोळीला तो वास सोसत नाही. हा जुना उपाय आहे आणि चालतो, फक्त शेळ्या तिथं जाणार नाहीत असं बघा, घाणेरी जनावरांना विषारी. सगळ्यावर जुनी मच्छरदाणी, कडा विटांखाली दाबून. खोलीत एक कामगंध सापळा टांगतो, मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारा. त्यात पतंग दिसायला लागले की समजायचं, निवड पुढं ढकलायची नाही.

पुण्याकडं, मंचर-खेडच्या पट्ट्यात, आरण लावतात : झाडाच्या सावलीत ढीग, त्यावर जाड पाचट किंवा कडबा. उसाचं पाचट आपल्याकडंही भरपूर आहे, म्हणून करून बघितलं. मार्च अखेरपर्यंत ठीक. त्यानंतर आपलं ऊन आणि मंचरचं ऊन एक नाही.

धान्यात ठेवायच्या गोळ्या किंवा कसली पावडर टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर हात जोडा. त्या गोळ्यांचा वायू माणसं मारतो. राहत्या घरात त्यांना जागा नाही.

विटांची पेटी

एप्रिलच्या मध्यानंतर माळवदही हात टेकतं. तेव्हासाठी मी परसात, लिंबाखाली, विटांचा शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधला. नाव मोठं, काम साधं. विटांच्या दोन भिंती, मध्ये तीन इंच फट, फटीत वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, वर गवताचं किंवा बारदानाचं झाकण. माठाचं तत्त्व. आपली हवा कोरडी असते त्याचा इथं फायदा होतो, जेवढी कोरडी तेवढं गार. बाहेर 41 असताना माझ्या पेटीत 27 होते. मुंबई-कोकणात ही पेटी एवढं काम करणार नाही.

अडचणी दोन. पाणी. जिथं नळाला रोज पाणी येत नाही, तिथं वाळू भिजवायला पाणी मागितलं तर घरात वाद होतो. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी वापरा, वाळूला कळत नाही. दुसरी अडचण, पाणी चुकून आत ठिबकलं तर ओली कूज. माझा पहिला क्रेट तसाच गेला. आता तळाला विटा उभ्या घालून क्रेट वर उचलला आहे आणि झाकण उतरतं केलं आहे.

आणि मोड येणारच. बटाट्याची झोप दीड ते अडीच महिन्यांची असते, गरम हवेत आणखी कमी. घरात ती लांबवता येत नाही. मोड बोटभर व्हायच्या आत खुडा, बटाटा टणक असेल तर डोळा खोल कोरून खा. मऊ पडलेला, लांब मोडाचा खाऊ नका.

फ्रिजमध्ये ठेवले तर? मोड थांबतात, पण चार-पाच अंशांवर बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते. भाजी गोडसर लागते, तळताना काचऱ्या तपकिरी होतात. पंधरा दिवस खोलीत परत ठेवले की गोडी थोडी उतरते. दहा किलोसाठी एवढं करायची हौस असेल तर करा. शीतगृहात वीस-तीस क्रेटसाठी कुणी दार उघडत नाही, मी दोन ठिकाणी विचारून आलो.

पुढच्या वर्षीचं बेणं घरचं ठेवायचा नाद मी सोडला. फेब्रुवारी ते ऑक्टोबर आठ महिने होतात. बेण्याला दोन ते चार अंश लागतात, ते माळवदात कुठून आणणार? बेणं दरवर्षी प्रमाणित, नवं.

किती ठेवायचे हा हिशोब आधी

सगळ्यात उशिरा सुचलेली गोष्ट ही. आम्ही पाच माणसं, आठवड्याला चार किलो लागतात. फेब्रुवारीपासून मे मध्यापर्यंत चौदा आठवडे, म्हणजे छप्पन्न किलो. थोडी घट धरून सत्तर ठेवतो. बाकीचे दीडशे-पावणेदोनशे किलो फेब्रुवारीतच, ताजे असताना, पाहुण्यांना, शेजाऱ्यांना आणि आठवडी बाजाराला. भाव पडलेला असतो, माहीत आहे. सडलेल्याला तोही मिळत नाही.

दर आठ दिवसांनी, रविवारी सकाळी, सत्तर किलो हातांखालून जातात. आठ दिवस का, तर अंडं फुटून अळी दुसऱ्या बटाट्यात जायच्या आत ती सापडावी म्हणून. एक क्रेट वजनकाट्यावर ठेवतो आणि दारामागच्या कॅलेंडरवर आकडा लिहितो. वजन हळूहळू उतरणं ठीक, एका आठवड्यात किलोभर उतरलं तर खोली फार कोरडी आहे, बारदान ओलसर करून भिंतीला टांगायचं.

गेल्या हंगामात सत्तरपैकी अकरा किलो टाकले. त्यातले चार मीच पेटीत पाणी सांडून घालवले. आणि एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी पंचवीस किलो उरले असताना आईनं क्रेट माझ्या हातातून घेतला. म्हणाली, "ह्ये आता राखत बसू नको, ऊन कशाला वाया घालवायचं?" सकाळी साडेसहाला चुलीवर पातेलं चढलं, काचऱ्या तुरटीच्या पाण्यातून काढून अर्धवट शिजवल्या आणि गच्चीवर जुन्या धोतरावर पसरल्या. संध्याकाळी पाचला त्या खडखडीत वाळून डब्यात होत्या. तीन किलोच्या वर भरल्या आणि पुढच्या आषाढी एकादशीला त्यातल्या मूठभरच उरल्या होत्या.